अकरा वाजून वीस मिनिटांची हवा

आमच्या सेंटरमध्ये मिनल मॅडमना पाठीमागे सगळे ‘हवामान खातं’ म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं, ते आधीच कबूल करून टाकते. पुढं आणखी बरंच कबूल करायचं आहे, त्यामानाने हे काहीच नाही.

चिंचवड स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुचाकींच्या शोरूमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आमचं सेंटर आहे. मूल होत नाही म्हणून लोक येतात. मी तिथली समुपदेशक. नाव मोठं आहे; काम म्हणजे आलेल्या जोडप्याला पाणी द्यायचं, फॉर्म समजावून सांगायचे, बाईला मनसोक्त रडू द्यायचं आणि सासूला बाहेर बसवायचं. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. मिनल मॅडमची लॅब आमच्या पॅसेजच्या टोकाला. खिडकी नाही, एक काचेचं दार. बाईच्या अंगातून काढलेली अंडी तिथं जातात, नवऱ्याच्या बीजाशी त्यांचा संयोग होतो आणि तयार झालेला गर्भ पाच दिवस इनक्युबेटरमध्ये वाढतो. पाचव्या दिवशी तो बाईच्या पोटात ठेवायचा. ते पाच दिवस त्याची आई म्हणजे मिनल मॅडम, असं मी पेशंटना सांगायचे. मॅडमना ते आवडायचं नाही. “आई वगैरे नको, वर्षालीताई. मी त्याची वॉचमन आहे,” म्हणायच्या.

डॉ. मिनल ओव्हाळ संत तुकाराम नगरमध्ये वाढल्या. वडील भीमराव बीडकडून आलेले, एका कंपनीत एकतीस वर्षं लेथवर टर्नर होते. आई कस्तुराबाई घरी शिवणकाम करायच्या. लहानपणी वडिलांनी एकदा कंपनीत नेऊन मायक्रोमीटर हातात दिला आणि स्वतःच्या डोक्यावरचा केस उपटून त्याची जाडी मोजून दाखवली. या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक झाली तरी माल परत येतो, असं सांगितलं. मॅडम आता केसाहून बारीक सुईने अंड्यात बीज सोडतात. “आमच्या घरात हे काम आधीपासून आहे,” असं एकदा चहा पिताना हसून म्हणाल्या होत्या. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं परगावी राहून गर्भशास्त्र शिकल्या, मग नोकरी सांभाळून पीएच.डी. केली. नवरा धम्मरत्न चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. घर दिघीत, एक मुलगी. बाकी घरच्या गोष्टी त्या फारशा सांगायच्या नाहीत आणि मला खोदून विचारायची खोड असूनही मला जास्त कळलं नाही.

त्यांचं संशोधन हवेवर होतं. मूल होण्याचा आणि हवेचा काय संबंध, असं मीही पहिल्या महिन्यात विचारलं. त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. पोटातल्या गर्भाला हवा लागतच नाही, आई मध्ये असते. लॅबमधल्या गर्भाला मध्ये कुणी नसतं. इनक्युबेटर खोलीतलीच हवा आत घेतो. आणि आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातली हवा म्हणजे थिनर, रंग, रबर, वेल्डिंग, रस्त्याचं डांबर. फिल्टरमधून बरंच गाळलं जातं, सगळं नाही. म्हणून त्यांनी लॅबच्या भिंतीवर एक मीटर बसवला होता. तो दर दहा मिनिटांनी हवेतली वाफ आणि धूर मोजून लिहून ठेवायचा. त्या दिवशी किती गर्भ वाढले, किती थांबले, हे मॅडम त्याच्या शेजारी लिहायच्या. सात वर्षं, रोज. जगात या विषयावर काम झालेलं आहे, पण कारखान्यांच्या मधोमध असलेल्या लॅबमध्ये इतकी वर्षं सलग कुणी मोजलेलं नाही, असं त्या सांगायच्या. तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा उजळायचा.

आम्हाला मात्र त्या हवेचा जाच होता. गजरा घालून लॅबच्या दारापाशी जायचं नाही. अत्तर नाही, नेलपॉलिश नाही, वासाचा साबण नाही. एकदा खालच्या शोरूमला रंग देत होते तर मॅडमनी सरांना सांगून पाच पेशंटची तारीख पुढं ढकलली. आमचे सर, डॉ. कुलदीप, सेंटरचे मालक, दातओठ खात होते. पण त्या महिन्यात बाकीच्या सेंटरपेक्षा आमच्याकडे जास्त बायकांना दिवस राहिले, तेव्हा गप्प बसले. हे ‘हवामान खातं’ त्याच सुमाराचं.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यात जे चालतं, ते बाहेरच्याला सांगून पुरतं कळत नाही. मोठ्या कंपनीपासून पत्र्याच्या शेडपर्यंत सगळीकडे मशीन धुऊन पुसून तिला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. साहेब आणि हेल्पर एकाच पेढ्याच्या खोक्यात हात घालतात. माझा नवरा भोसरीत वर्कशॉपमध्ये आहे. वर्षभर तेलकट कपड्यांत जाणारा हा माणूस त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून निघतो. ज्या मशीनवर पोट आहे तिला एक दिवस हात जोडायचे, यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

सेंटरमध्ये ही पूजा रंगरावकाका करायचे. चाकणजवळच्या गावचे, कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आमचे एसी, जनरेटर, लॅबचे गॅस सिलिंडर त्यांच्या ताब्यात. ताट मी तयार करायचे. सोनोग्राफीची मशीन, जनरेटर, लिफ्ट, सगळ्यांना कुंकू लागायचं, फक्त लॅब वगळून. रंगरावकाकांना ते फार लागायचं. एका वर्षी त्यांनी मॅडमना विचारलं आणि मॅडम सरळ ‘नाही’ म्हणाल्या. त्यावर कॅन्टीनमध्ये कुजबूज झाली. मी तर मोठ्यानेच म्हणाले, “त्यांच्यात नसतं हे, त्यांना काय कळणार?” मॅडम मागं कूलरपाशी बाटली भरत उभ्या होत्या. बाटली भरली, टोपण लावलं आणि गेल्या. माझे कान तापले, पण मी ते वाक्य मागं घेतलं नाही. सरांनी तर त्यांना बोलावून सांगितलं, “मॅडम, लोकांच्या भावना असतात. जरा सांभाळून घ्या.”

भीमरावांनी कंपनीत एकतीस खंडेनवम्या काढल्या होत्या. बौद्ध माणूस, पूजा करायचा नाही. बाजूला उभा राहायचा, पेढा दिला की खायचा. हात जोडायचे नाहीत आणि कुणाला अडवायचंही नाही, असा त्यांचा नेम. हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. पुढच्या वर्षी खंडेनवमी आली तेव्हा त्यांनीच मला आणि रंगरावकाकांना बोलावलं.

“पूजा करा,” त्या म्हणाल्या. “पण दाराबाहेर. दाराला हार घाला, फुलं वाहा. अगरबत्ती नको, कापूर नको. आत जायचं नाही.”

“न्हाई जात,” रंगरावकाका म्हणाले.

मी ताट घेऊन तशीच उभी होते. मला वाटलं, बाई वळणावर आली. असं वाटलं मला, आणि बरंही वाटलं.

त्या आठवड्यात इनक्युबेटरमध्ये तीन जोडप्यांचे गर्भ होते. त्यातली एक योगिनी. चाकणची, खासगी शाळेत शिक्षिका, वय सदतीस. नवरा गणराज गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टला. सासू कौशल्याबाई, जिला मी तीन वर्षं बाहेर बसवत आले. दोन प्रयत्न फसले होते आणि हा शेवटचा, असं घरात ठरलं होतं. बुधवारी तिची अकरा अंडी निघाली. गुरुवारी त्यातली आठ फळली. मॅडम संध्याकाळी माझ्या खोलीत डोकावल्या. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं म्हणून त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा सलग रजा काढली होती. “योगिनीचे आठही छान आहेत, ताई,” त्या म्हणाल्या. “या वेळी होईल बहुतेक.” असं त्या कधी बोलत नसत. एरवी ‘बघू’च्या पुढं जायच्या नाहीत.

शुक्रवारी खंडेनवमी. मॅडम नागपूरला गेल्या होत्या. मॅडमची ज्युनियर दिव्या सकाळी मशीनचं तापमान बघून घरी गेली. ओपीडी बंद होती. रंगरावकाकांनी लॅबच्या दाराला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि मागं सरून बघत राहिले.

“पोरी, दाराला कुंकू लावून मशीनला काय कळतंय?” ते म्हणाले. “पस्तीस वर्सं पुजलीया म्या मशीन. घरात देव बसलाय आन् आपण उंबऱ्याला हात जोडतोय. हे खरं न्हाई.”

किल्ली त्यांच्याकडेच होती, सिलिंडर बदलायला लागते म्हणून. मी अडवायला हवं होतं. मी म्हणाले, “पाच मिनिटांत आटपा.” आम्ही चपला काढल्या, डोक्याला टोप्या घातल्या, तोंडाला मास्क लावले. एवढी अक्कल होती. काकांनी इनक्युबेटरवर छोटा हार ठेवला, कुंकवाचं बोट लावलं. मी अगरबत्तीच्या तीन काड्या लावल्या आणि चिमूटभर कापूर. हात जोडून म्हणाले, देवा, यातल्या सगळ्यांना पोरं होऊ देत. अगदी मनापासून म्हणाले. मग राख पुसली, कुंकू पुसलं, हार उचलला आणि बाहेर येऊन पेढे वाटले.

सोमवारी सकाळी साडेदहाला मॅडम माझ्या खोलीत आल्या. अंगात निळा गाऊन, पायांत लॅबची चप्पल. ती चप्पल घालून त्या कधीच बाहेर येत नाहीत. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. मीटरची चार दिवसांची रेघ होती. तीन दिवस सपाट आणि शुक्रवारी एका ठिकाणी भिंतीसारखी उभी.

“शुक्रवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी काय झालं, ताई?”

“मला काय माहीत?” मी म्हणाले. “खाली कुणी काही जाळलं असेल.”

त्यांनी मूठ उघडून कागदावर झेंडूची एक पाकळी ठेवली. “ही मशीनच्या मागं होती.”

माझं धाबं दणाणलं. मी खाली बघत सगळं सांगितलं. किती काड्या, त्यांनी विचारलं. तीन, मी म्हणाले. कापूर? थोडा. दार लावलं होतं का? लावलं होतं, कुणी बघू नये म्हणून. त्या प्रत्येक उत्तराला मान हलवत होत्या, पेशंटची माहिती लिहून घ्यावी तशा. मग म्हणाल्या, “सत्तावीस होते. दोन वाढलेत. योगिनीचा एकही नाही. सगळे शुक्रवारपाशीच थांबलेत.”

मी रडायला लागले. त्यांनी मला पाणी दिलं. माझंच काम त्यांनी माझ्यावर केलं.

त्या तशाच सरांकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांच्याच तोंडून कळलं. सरांनी कागद बघितला आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. शंभर टक्के सिद्ध करता येतं का, असं विचारलं. मॅडम खोटं बोलत नाहीत; शंभर टक्के नाही, म्हणाल्या. मग विषय संपला, सर म्हणाले. बाईचं वय सदतीस, अंड्यांची प्रत कमी. हेच दुपारी त्यांनी योगिनीला सांगितलं, फाइलमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मी तिच्या शेजारी बसले होते. तिने एकच प्रश्न विचारला, “म्हणजे दोष माझ्यातच आहे?” सर म्हणाले, “दोष असं नाही म्हणायचं.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. ज्या हाताने काड्या लावल्या, तोच हात.

तिथून पुढं चौदा महिने मी मिनल मॅडमना रोज बघत होते. दारू पिणारा माणूस जसा बाटली लपवतो तसं त्यांनी ते गुपित लपवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या लपवत नव्हत्या, त्यांना ते सांगताच येत नव्हतं. एकदा लिफ्ट बंद होती, आम्ही जिन्यात बसलो होतो. मी म्हणाले, “मॅडम, सांगून टाका. माझं नाव सांगा. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

“तुमचं नाव सांगून भागत नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “मी सांगेन की धुरामुळे गर्भ वाढले नाहीत. लोक काय ऐकतील? ओव्हाळबाई म्हणते, पूजेमुळे पोरं मेली. संध्याकाळपर्यंत ते प्रत्येकाच्या मोबाइलवर असेल. मग कुणी हवेचं विचारणार नाही. माझं आडनाव विचारतील, माझ्या मुलीची शाळा विचारतील.” मग म्हणाल्या, “आणि परवानगी मी दिली होती. नाही म्हणाले तेव्हा माझी जात निघाली. हो म्हणाले तेव्हा हे झालं. मला तेवढं वर्ष शांत जायला हवं होतं, बास.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. त्यांची जात कुणी काढली होती ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

नोकरी सोडून जावं, तर तेही नव्हतं. सात वर्षांच्या नोंदी सेंटरच्या मालकीच्या. त्या दारातून बाहेर पडल्या की हात रिकामे. त्यांचा लेख परदेशी मासिकाला पाठवायला तयार होता. सर म्हणत, तो आठवडा काढून टाका, सात वर्षांत एका आठवड्याने काय होतंय? खरी गोष्ट अशी की सात वर्षं त्या जे सिद्ध करायला धडपडत होत्या, ते त्या एका आठवड्याने सगळ्यांत स्वच्छ दाखवलं होतं. तो ठेवला तर कारण लिहावं लागणार, काढला तर बाकीचं सगळं खोटं. लेख त्यांच्या संगणकात पडून राहिला. दिघीहून त्या नऊला यायच्या, त्या आता साडेसातला यायला लागल्या. त्या काचेच्या मागं दिवसभर एकट्या असायच्या. दिव्याने दुसरीकडे नोकरी धरली. रंगरावकाकांना त्यांनी एका शब्दाने कळू दिलं नाही. काका आजही त्यांना भेटले की म्हणतात, “म्याडम, तुमची मशीन लई भारी चालतीया.” मॅडम म्हणतात, “हो काका.”

बाकीच्या दोन जोडप्यांचं पुढच्या प्रयत्नात झालं. पोरी तरुण होत्या. सर मला म्हणाले, बघा, कुणाचं काही बिघडलं का? राहिली योगिनी. तिच्या सासूचा मला दर महिन्याला फोन. “ताई, आमच्या सुनंची अंडीच खराब हायेत. आमी कशाला खोटं बोलू, डाक्टरनी लिवून दिलंय.” ती फाइल कौशल्याबाईंच्या कपाटात, साड्यांच्या वर. पाहुणे आले की बाहेर निघायची. गणराज वाईट नव्हता, पण आईपुढं मूग गिळून बसायचा. योगिनीने नात्यातल्या ओटभरणाला जाणं सोडलं. एका ठिकाणी तिच्या हातून ओटी घ्यायला नकार मिळाला होता. हे सगळं ती मला फोनवर सांगायची आणि मी मॅडमना सांगायचे. सांगायला नको होतं कदाचित, पण मलाही ते एकटीला पेलवत नव्हतं.

डिसेंबरमध्ये योगिनी पुन्हा आली. कसंबसं मन तयार करून, माझ्याच अंड्यांवर एकदा शेवटचं बघू, असं म्हणत. सरांनी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी केली. अंड्यांचा साठा जवळजवळ संपला होता. आता दुसऱ्या बाईची अंडी घ्यावी लागतील, म्हणजे दात्रीची, असं सरांनी सांगितलं. बीज गणराजचं, पोट योगिनीचं, अंडं अनोळखी बाईचं. तिने आठ दिवस मागितले. आठ दिवसांनी दोघं माझ्या खोलीत संमतीच्या फॉर्मवर सही करायला बसली. गणराजच्या आधारकार्डाची झेरॉक्स राहिली होती, तो खाली गेला. तेवढ्यात मिनल मॅडम आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“सही करायच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. उभ्यानेच, सरळ, काही न गाळता. शुक्रवार, अकरा वाजून वीस मिनिटं, सत्तावीसातले दोन. “माझ्या लॅबमध्ये पूजेचा धूर झाला. पूजेला परवानगी मी दिली होती,” एवढंच त्या म्हणाल्या. आत कुणी नेलं, काड्या कुणी लावल्या, त्यातलं काही नाही. मी तिथं दोन हातांवर बसले होते. मी बोलायला हवं होतं, मी लावल्या म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हटलं नाही, ते आज लिहितेय.

योगिनी बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. “मग माझी अंडी चांगली होती?”

“गुरुवारपर्यंत आठही चांगले गर्भ होते. मी स्वतः बघितले.”

“हे मला लिहून द्या.”

मॅडमनी माझ्या टेबलावरचं सेंटरचं लेटरहेड ओढलं. चार ओळी लिहिल्या. योगिनीने वाचल्या आणि परत सरकवल्या. “अशी वकिलासारखी भाषा नको. आमच्या घरात सगळ्यांना कळेल असं लिहा.” मॅडमनी दुसरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, योगिनी यांच्या अंड्यांत दोष नव्हता, चूक लॅबची होती. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. मी स्वतःहून शिक्का काढून दिला. माझ्याकडून तेवढंच झालं.

कागद घडी करून पर्समध्ये टाकताना योगिनीचा चेहरा क्षणभर सैल झाला. चौदा महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. मग तिने विचारलं, “म्हणजे आता माझ्याच अंड्यांनी करता येईल ना? हे दात्रीचं वगैरे नको मग.”

मॅडमनी लेटरहेडचा गठ्ठा सरळ करून ठेवला.

“मॅडम?”

“तेव्हा चांगली होती,” मॅडम म्हणाल्या. “चौदा महिने झाले. परवाचा रिपोर्ट तुम्ही बघितलाय. आता ती उरलेली नाहीत.”

“आणि तेव्हाच लगेच पुन्हा केलं असतं तर?”

“शक्यता होती. चांगली होती.”

“तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं.”

“त्याच सोमवारी कळलं.”

योगिनी ओरडली नाही. शाळेत एखाद्या मुलाला विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, “मग चौदा महिने तुम्ही काय करत होतात?”

जिन्यात मला सांगितलेलं ते सगळं, आडनाव, मुलगी, मोबाइल, त्यातलं एक अक्षर मॅडमनी काढलं नाही. “मला माफ करा असंही म्हणत नाही,” एवढंच म्हणाल्या. मग गाऊनच्या खिशातून एक पाकीट काढून दाखवलं. “मी आज राजीनामा देतेय. सरांना हे सगळं सांगूनच जाणार आहे.”

“नाही,” योगिनी म्हणाली. “तुम्ही कुठं जायचं नाही.”

तिने फॉर्म स्वतःकडे ओढला, पानं उलटली आणि जिथं जिथं मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या तिथं सह्या केल्या. दात्रीच्या अंड्यांच्या संमतीवरही केली. एकही सही खुणेबाहेर गेली नाही. मग मान वर करून मॅडमकडे बघितलं.

“दुसरीकडे गेले तर नवीन माणूस, नवीन चूक. माझं तुमच्याच हातून व्हायला पाहिजे. आता तुम्ही श्वाससुद्धा जपून घ्याल. मूल माझ्या हातात आलं, की मग कुठं जायचं तिथं जा.”

दारावर टकटक झाली. गणराज झेरॉक्स घेऊन आला होता. योगिनीने त्याला खुर्ची दिली. मॅडमनी पाकीट परत खिशात घातलं, “बरं” म्हणाल्या आणि लॅबकडे गेल्या.

सरांना कळायचं ते कळलं. कागद बाहेर गेला होता, त्यामुळे त्यांना मॅडमना काढताही येईना आणि ठेवताही येईना. शेवटी ठेवलं, बोलणं बंद केलं. कौशल्याबाईंचे फोन थांबले. योगिनीला फेब्रुवारीत दिवस राहिले. मॅडमनी त्या दिवसापासून एकही रजा घेतलेली नाही. मार्चमध्ये भीमरावांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हाही सकाळी साडेसातला त्या इथं होत्या आणि संध्याकाळी तिकडे.

योगिनीला आता सहावा महिना आहे. तपासणीला येते, सरांकडे जाऊन येते, माझ्याशी दोन शब्द बोलते. मग पोटावर हात ठेवून पॅसेजच्या टोकापर्यंत हळूहळू चालत जाते आणि लॅबच्या काचेवर बोटाने वाजवते. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान वर करतात. दोघी एकमेकींकडे बघतात. योगिनी हसत नाही, बोलत नाही. मॅडम आहेत ना, एवढं बघते आणि जाते.